५५० वॅटचा एसएमपीएस, अॅनिमेशन रेंडरला लावलं की पीसी बंद; नवा घेताना नेमकं काय बघायचं?

रेंडरवेडा

नमस्कार मंडळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरिअरचे रेंडर आणि वॉकथ्रू करून देतो. पोटापाण्याचं कामच हे असल्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

मशीन असं आहे: रायझन ७ ५८००एक्स, ३२ जीबी रॅम, दोन एनव्हीएमई एसएसडी, एक हार्ड डिस्क. आधी आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक कार्ड होतं, तेव्हा कधीही कुरकुर नव्हती. आता आरटीएक्स ३०८०, १० जीबीवालं लावलंय. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, मात्र जुनाच, ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ, सेमी-मॉड्युलर (काही केबल सुट्या होणारा).

लक्षण: अॅनिमेशन रेंडरला लावलं की बऱ्याच फ्रेम व्यवस्थित निघतात आणि मध्येच मशीन एकदम ठार. निळी स्क्रीन नाही, हँग नाही, आपोआप रीस्टार्टही नाही. नंतर कॅबिनेटचं बटण दाबून उपयोग होत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करायचा, थोडं थांबायचं, परत चालू करायचा, तेव्हा कुठे उठतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नेल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच. कार्ड ७० अंशांच्या आसपास, प्रोसेसर ७५ च्या. गंमत म्हणजे एकाच स्थिर चित्राचा तासभराचा रेंडर सहसा पूर्ण होतो. बंद पडतं ते अॅनिमेशनलाच.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर ५४० वॅट दाखवतो. म्हणजे ५५० पुरायला हवा ना? बिघडलंय की कमी पडतंय?

नवा घ्यायचा झाला तर समोर तीन पर्याय आहेत. एका नावाजलेल्या ब्रँडचा ७५० वॅट गोल्ड, एटीएक्स ३.०. दुसऱ्या ब्रँडचा ८५० वॅट ब्रॉन्झ, मॉडेल बरंच जुनं. आणि तिसरा फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा १००० वॅट, खोक्यावर गोल्ड लिहिलेलं, आणि तो ७५० पेक्षाही स्वस्त. वॅट बघू, गोल्ड बघू, कंपनी बघू की वॉरंटी?

शांत_पंखा

३०८० साठी एनव्हिडियाची स्वतःची शिफारस ७५० वॅटची आहे. पहिला पर्याय घ्या. आणि आत्ता कार्डाला दोन आठ-पिन जोडण्या एकाच केबलच्या दोन तोंडांनी दिल्या असतील तर ते बदला, दोन वेगळ्या केबल लावा.

रेंडरवेडा

एकच केबल आहे, दोन तोंडांची. या सप्लायला दुसरी येतच नाही.

डाखकाम

खरेदीआधी दोन गोष्टी करा. बिघाड दुसरीकडे निघाला तर पैसे वाया जातील.

पहिली: एसएमपीएसच्या कुशीवरचा स्टिकर वाचा. त्यावर तक्ता असतो, +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. १२ व्होल्टखालचा आकडा इथे लिहा.

दुसरी: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि नेहमी बंद पडतं तेच अॅनिमेशन लावा. बाकी काहीही बदलू नका. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सायकल्ससाठी (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) फक्त जीपीयूवर टिक आहे की सीपीयूवरही, तेही सांगा.

एसएमपीएस उघडू मात्र नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येतो त्यानेच झाकण काढावं.

रेंडरवेडा

स्टिकरवर: +३.३ ला २० अँपिअर, +५ ला २० अँपिअर, दोन्ही मिळून १२० वॅट. +१२ ला ३६ अँपिअर.

सीपीयू आणि जीपीयू दोन्हींवर टिक आहे.

७० टक्क्यांवर अख्खी रात्र चाललं. एकदाही बंद पडलं नाही. सकाळी परत १०० टक्के केलं, चहा होईपर्यंत बंद.

डाखकाम

मग निदान झालं. हा सप्लाय बिघडलाय असं मला वाटत नाही. त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याला दिलंय, आणि तो स्वतःला व तुमच्या कार्डाला वाचवायला बंद होतोय. मागचा स्विच टाकल्याशिवाय उठत नाही ही संरक्षण लागल्याची ठळक खूण. संरक्षण एकदा लागलं की बऱ्याच सप्लायमध्ये ते तसंच अडकून राहतं, मेन बंद केल्यावरच सुटतं.

आता आकडे बघा. ३६ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ४३२ वॅट. तुमच्या ५५० मधले कामाचे एवढेच. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात आहेत, आणि आजच्या मशीनमध्ये त्यांना फारसं गिऱ्हाईक नाही. पूर्वी मदरबोर्ड आणि प्रोसेसर ५ व्होल्टवर बरंच काही ओढायचे, हा तक्ता त्या काळाच्या हिशोबाचा आहे. आता प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात.

३०८० ची अधिकृत मर्यादा ३२० वॅट. ५८००एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असलं तरी सॉकेटला तो १४२ वॅटपर्यंत घेतो. झाले ४६२. मदरबोर्डवरचं व्होल्टेज उतरवताना जाणारी उष्णता, पंखे, हार्ड डिस्कची मोटर हे वर धरा. ४३२ च्या बाहेर तुम्ही सरासरीतच गेलात. ३०६० टीआय होतं तेव्हा २०० अधिक १४२, म्हणजे ३४२. म्हणून तेव्हा कुरकुर नव्हती. कॅल्क्युलेटर सगळ्या व्होल्टेजची एकत्र बेरीज दाखवतो, त्यामुळे ही गोष्ट त्यात दिसतच नाही.

आता स्थिर चित्र चालतं आणि अॅनिमेशन का बंद पडतं ते. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ३६ अँपिअरवर संरक्षण लगेच लागत नाही, उत्पादक थोडी वरची मर्यादा ठेवतो, म्हणून सपाट लोड तो कसाबसा ओढत राहतो. अॅनिमेशनमध्ये दर फ्रेमला कार्ड जवळजवळ मोकळं होतं, तेवढ्यात प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो, आणि मग कार्ड एका झटक्यात पूर्ण जोरावर येतं. त्या झटक्यात ३०८० काही क्षणांपुरतं ३२० च्या खूप वर उडी मारतं. क्षण म्हणजे मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. हे सॉफ्टवेअरच्या आलेखात दिसणार नाही, मल्टिमीटरवरही नाही. ऑसिलोस्कोप लावला तरच दिसतं. प्रत्येक फ्रेम म्हणजे त्या सप्लायला एक धक्का, आणि त्यातला एखादा मर्यादा ओलांडतो. तुम्हाला जे बेभरवशाचं वाटत होतं ते असं आहे.

म्हणून एटीएक्स ३.० ला मी महत्त्व देतो. २०२२ साली आलेल्या त्या मार्गदर्शिकेत अशा उड्यांचा पहिल्यांदा नीट हिशोब धरला: नव्या १६-पिन जोडणीच्या मोठ्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उडी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे. तुमच्या कार्डाला १६-पिन लागत नाही, आठ-पिनच लागतात. पण सप्लाय त्या कसोटीवर बेतलेला असणं तुमच्या कामाला थेट लागू आहे. पुढे कधी १६-पिनचं कार्ड आलं, तर मात्र कनेक्टर शेवटपर्यंत आत बसलाय का ते टॉर्च लावून बघायचं. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो पूर्ण बसलेला नव्हता. नंतरच्या १२व्ही-२एक्स६ या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिन (कनेक्टर जोडल्याचं कार्डाला कळवणाऱ्या) आखूड केल्या त्या याचसाठी, म्हणजे अर्धवट बसला तर कार्डाला पूर्ण शक्ती मिळूच नये.

गोल्ड-ब्रॉन्झबद्दल. ८० प्लस हा फक्त कार्यक्षमतेचा दाखला आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झने ८५ टक्के द्यायचे, गोल्डने ९०. ७५० वॅटच्या सप्लायवर ३७५ वॅटचा लोड धरा: गोल्ड भिंतीतून सुमारे ४१७ घेतो, ब्रॉन्झ ४४१. फरक २४-२५ वॅटचा, आणि तो सगळा उष्णता म्हणून सप्लायमध्येच. तुमच्यासारख्या रात्रभर चालणाऱ्या मशीनला हा फरक जाणवेल. पण १२ व्होल्टवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, किती, ओव्हरलोड झाल्यावर सप्लाय कधी बंद होतो, शॉर्ट झाला तर काय होतं, याबद्दल हा दाखला काहीही बोलत नाही. चाचणीही साधारण २३ अंशांना होते. तुमच्या कॅबिनेटच्या तळाला, ३०८० च्या खाली, २३ अंश कधीच नसतात.

माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेला एक सप्लाय सांगतो, ब्रँडचं नाव सोडून. खोक्यावर ८०० वॅट. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. उघडला तर बोर्डावर इनपुट फिल्टरच्या कॉइलची जागा व्यवस्थित छापलेली, भोकं पाडलेली, आणि कॉइलऐवजी तारेचे दोन तुकडे डाख देऊन बसवलेले. सर्ज अडवणाऱ्या व्हॅरिस्टरची जागा मोकळी. १२ व्होल्टच्या डायोडवरचा हीटसिंक बोटभर साधी पट्टी. ज्याने बोर्ड आखला त्याला तिथे काय लागतं ते ठाऊक होतं, बसवताना गाळलं गेलं. तुमचा तिसरा पर्याय असाच असेल असं मी म्हणणार नाही, मी तो पाहिलेला नाही. पण गोल्ड दर्जाचे १००० वॅट देणारे सुटे भाग चांगल्या ७५० पेक्षा स्वस्तात कसे बसवले, याचं उत्तर मिळेपर्यंत मी तो माझ्या मशीनला लावणार नाही. त्याचं नाव ८० प्लसच्या किंवा सायबेनेटिक्सच्या (सप्लाय तपासून दर्जा देणारी संस्था) यादीत मॉडेल नंबरसकट सापडतं का बघा. खोक्यावर काहीही छापता येतं.

नुसत्या मोठ्या नावावरही जाऊ नका. गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएमचं प्रकरण २०२१ मध्ये गाजलं. दोन्ही गोल्ड, दोन्ही मोठ्या नावाचे, आणि चाचण्यांमध्ये काही नग फुटले. कंपनीने ओव्हरपॉवर संरक्षणाची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि ठरावीक सिरीयल नंबरचे नग बदलून द्यायची तयारी दाखवली. संरक्षण असणं आणि ते योग्य ठिकाणी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा ५५० चा सप्लाय त्रास देत असेल, पण हे काम त्याने चोख केलं.

बहुतेक ब्रँड सप्लाय स्वतः बनवतही नाहीत. सीडब्ल्यूटी, एफएसपी, सुपर फ्लॉवर, ग्रेट वॉल अशा कारखान्यांकडून बनवून घेतात. एकाच ब्रँडच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांच्या असू शकतात, दर्जाही त्यानुसार. त्यामुळे 'अमुक कंपनी चांगली का' हा प्रश्न अर्धवट आहे, पूर्ण मॉडेल नंबर हवा.

त्या मॉडेलचा लोड-टेस्ट केलेला रिव्ह्यू शोधा. सायबेनेटिक्सचे अहवाल कुणालाही मोफत वाचता येतात. अहवालात मी आधी १२ व्होल्टचा रिपल बघतो. मर्यादा १२० मिलिव्होल्टची आहे, पण चांगले सप्लाय पूर्ण लोडवर त्याच्या निम्म्याच्याही बरेच खाली राहतात. मग ट्रान्झिएंटच्या, म्हणजे लोड अचानक बदलण्याच्या, चाचणीत १२ व्होल्ट किती खाली येतं ते. एटीएक्स ३.० च्या आधीच्या नियमाने ११.४ पर्यंत चालायचं, मला ११.४ च्या काठावर फिरणारा नको असतो. मग संरक्षणं: प्रत्येक खरंच लागलं का, किती वॅटला लागलं, आणि तापमानाचं संरक्षण, म्हणजे ओटीपी, आहे का. शेवटचं स्वस्त सप्लायमध्ये हमखास गाळलेलं असतं. पंखा अडकला तर तुम्हाला वाचवणारं तेच एक.

कपॅसिटरबद्दल एकच सांगतो. 'जपानी कपॅसिटर' हे शब्द कधी कधी फक्त इनपुटच्या एका मोठ्या कपॅसिटरपुरते खरे असतात. १०५ अंशांचे आहेत का आणि आउटपुटकडचे कुठले आहेत, हे रिव्ह्यूतल्या फोटोंवरून कळतं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर १० अंश थंड ठेवला की ढोबळमानाने दुप्पट टिकतो, म्हणून पंख्याची हवा अडवू नका, खालची जाळी साफ ठेवा.

तुमच्या तीनमधला पहिला घ्या. ८५० ब्रॉन्झ वाईट असेलच असं नाही, पण जुनं मॉडेल म्हणता, तर त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली किती आहे ते आधी बघा. चांगल्या ७५० वर साधारण ६२ अँपिअर दिसतील, म्हणजे जवळपास सगळेच्या सगळे वॅट १२ व्होल्टवर.

शांत_पंखा

पटलं. पण १००० का नको, चांगल्या कंपनीचा? पुढचं कार्ड मोठं घेतलं तर परत खर्च. शिवाय मोठा सप्लाय कमी लोडवर चालेल, पंखा फिरणारच नाही.

डाखकाम

पुढचं मोठं कार्ड नक्की ठरलं असेल तर १००० घ्यावा, त्यात चूक काहीच नाही. मोठा सप्लाय जास्त वीज खातो ही समजूतही खोटी आहे, मशीनला लागते तेवढीच तो देतो. पण इथे सततचा लोड पाचशेच्या आसपास आहे. त्यासाठी ७५० पुरेसा, उरलेले पैसे वॅटपेक्षा दर्जात घातलेले मला आवडतील. पंख्याचं म्हणाल तर रात्रभर रेंडर करणाऱ्या मशीनचा पंखा फिरलेलाच बरा.

दुरून_बघणारा

मध्येच विचारतो. माझं मशीन जवळपास असंच, ७५० गोल्ड आहे, पण लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस असूनही पीसी बंद होतो. एसएमपीएस खराब समजायचा का?

डाखकाम

बहुधा नाही. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, अशा यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेले असतात, मागच्या स्टिकरवर बघा. गेम किंवा रेंडर चालू असताना तुम्ही त्यापेक्षा जास्त ओढता आणि बॅटरीवर जाताच यूपीएस हात वर करतो. मशीन नुसतं डेस्कटॉपवर असताना यूपीएसची वायर भिंतीतून काढून बघा. तेव्हा टिकलं तर यूपीएस लहान आहे. तेव्हाही बंद पडलं तर दोन शक्यता. यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ सप्लायने आपल्या कपॅसिटरवर निभवायचा असतो. लोडनुसार १२ ते १७ मिलिसेकंदांची अपेक्षा असते आणि कपॅसिटर म्हातारा झाला की ती घटते. दुसरं म्हणजे काही अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या सप्लायना स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर मानवत नाही. तेव्हा शुद्ध साइन लहरीचा यूपीएस लागतो.

रेंडरवेडा

डाखकाम, खूप आभार. पहिल्याचा अहवाल वाचला. १२ व्होल्टचा रिपल ३० च्या आत, ओटीपी आहे, ६२.५ अँपिअर. तोच मागवला, आज हातात आला.

आता एक शेवटचं. नवाही मॉड्युलर आहे. हार्ड डिस्ककडे गेलेली साटा केबल ट्रेच्या मागून इतकी घट्ट ओढून बांधली आहे की ती काढायची म्हणजे अर्धं कॅबिनेट मोकळं करावं लागेल. तिचं सहा-पिनचं टोक नव्या सप्लायच्या सॉकेटमध्ये अगदी नीट बसतंय. तीच ठेवली तर चालेल ना?

डाखकाम

नाही. स्विच टाकला नसेल तर टाकू नका, आधी ती केबल काढा.

ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला कसलंही प्रमाण नाही. सहा पिनांपैकी कुठल्या पिनवर १२ व्होल्ट, कुठल्यावर ५ आणि कुठली ग्राउंड, हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही ते वेगळं असू शकतं. प्लॅस्टिकचा आकार जुळतो म्हणून केबल बसते. ५ व्होल्टच्या वाटेने १२ गेले तर हार्ड डिस्कचं सर्किट पहिल्याच क्षणी जातं, आणि तुमचे ग्राहकांचे प्रोजेक्ट त्याच डिस्कवर असणार.

जुन्या सगळ्या केबल काढा, २४-पिन आणि प्रोसेसरची सुद्धा, नव्याच्या खोक्यातल्याच लावा. कार्डाला दोन वेगळ्या केबल. साटा कमी पडल्या तर मोलेक्सवरून साटा करणारे साच्यात ओतलेले अॅडॉप्टर वापरू नका. त्यांच्या आत तारा फार जवळ असतात आणि ते जळाल्याच्या घटना आहेत. त्याच उत्पादकाची, त्याच मालिकेसाठीची जादा केबल मागवा.

रेंडरवेडा

काढली. ट्रे सोडवावा लागला, पण काढली. सगळ्या नव्या लावल्या, कार्डाला दोन वेगळ्या. पॉवर लिमिट १०० वर, सीपीयू-जीपीयू दोन्ही टिक, तेच अॅनिमेशन काल रात्री पूर्ण निघालं. जुना ५५० दुसऱ्या कशाला वापरता येईल का?

डाखकाम

ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला खुशाल वापरा, त्याच्याच केबलसकट. केबल आणि सप्लाय एकत्र बांधून ठेवा आणि वर मॉडेल नंबर लिहून चिकटवा. वॉरंटी संपून बरीच वर्षं झाली असतील तर मात्र रोज चालणाऱ्या मशीनला नको, टेस्टिंगला ठेवा.